'वनडरलँड' ही चूक नाही, आणि पाउचला 'पिशवी' म्हणू नका

एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे: "न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीचं सहा महिन्यांपूर्वी वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. परवा तिचा निरोप आला. 'आधी आरएनवाय ठरलं होतं, शेवटी व्हीएसजी केली. एचडब्ल्यू २८६, एसडब्ल्यू २६१, सीडब्ल्यू १९९. वनडरलँड! मधल्या स्टॉलने रडवलं होतं. डंपिंग नाही, पण हेड हंगर जात नाही. एनएसव्ही मात्र रोज एक.' 'डंपिंग नाही' याच्यापलीकडे मला काही कळलं नाही, आणि तेही चुकीचंच कळलं असावं. 'वनडरलँड' ही टाइप करताना झालेली चूक आहे का? आणि तिला मी मराठीत काय लिहू?"

चूक नाही, विनोद आहे. अमेरिकेत वजन पौंडांत मोजतात. ते दोनशेच्या, म्हणजे साधारण ९०.७ किलोंच्या खाली आलं की आकडा दोनऐवजी एकने सुरू होतो. हे 'एक'चं इंग्रजी 'वन' ऑपरेशन झालेल्या मंडळींनी 'वंडरलँड'मधल्या 'वं'च्या जागी बसवलं. उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं, म्हणजे हा कानांचा नव्हे, डोळ्यांचा विनोद. देवनागरीत आपण उच्चाराप्रमाणे लिहितो, त्यामुळे तो वाटेतच सांडतो आणि हाती फक्त अशुद्धलेखन उरतं.

किलोवाल्या देशात हा उंबरठा शंभरचा असणार. पण मराठीत 'शंभरी' जपून वापरावी लागते. शंभरी गाठणं चांगलं आणि शंभरी भरणं वाईट. शंभरी भरली की शिशुपालाची आठवण होते.

आता आकड्यांचं. एचडब्ल्यू म्हणजे आजवरचं सर्वांत जास्त वजन, सीडब्ल्यू म्हणजे आत्ताचं. जीडब्ल्यू दिसलं तर ते गाठायचं वजन. एसडब्ल्यू मात्र फसवं आहे. कुणी ते सुरुवातीच्या वजनासाठी वापरतं, कुणी सर्जरीच्या दिवशीच्या. ऑपरेशनआधीचे काही आठवडे रुग्णाला कडक आहारावर ठेवतात आणि त्यातच बरेच पौंड उतरतात, म्हणून दोन अर्थांत चांगलाच फरक पडतो. तुमच्या बहिणीच्या निरोपात बहुधा सर्जरीच्या दिवसाचा आकडा आहे, पण विचारून घ्या. जाता जाता एक गंमत: इंग्रजीत दोन अक्षरांत मावणारं 'सीडब्ल्यू' देवनागरीत 'आत्ताचं'पेक्षा लांब होतं. ज्या अक्षराच्या नावातच 'डबल' आहे त्याचं लघुरूप करणं हा मराठीत तोट्याचा व्यवहार आहे.

'आरएनवाय' हा गॅस्ट्रिक बायपासचा, म्हणजे अन्नाची वाट वळवायच्या ऑपरेशनचा, एक प्रकार. त्याच्या नावाची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण ते नीट लघुरूपही नाही. मूळ शब्द फ्रेंच, 'रू-आँ-वाय'. सेझार रू (१८५७–१९३४) हे स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे शल्यविशारद. जठर आणि लहान आतडं इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात जोडायची पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. ती त्यांनी वजन उतरवण्यासाठी काढली नव्हती, जठराच्या वेगळ्याच दुखण्यांसाठी काढली होती. लठ्ठपणासाठी ती कित्येक दशकांनंतर वापरात आली. मधला 'आँ' म्हणजे फ्रेंचमधलं 'च्या रूपात'. इंग्रजी बोलणारे तो 'एन' असा उच्चारतात, आणि 'एन' ऐकू आलं म्हणून 'एन' हे अक्षर लिहिलं गेलं. म्हणजे 'आर' हे आडनावाचं आद्याक्षर, 'वाय' हे चित्र आणि मधला 'एन' हा नुसता आवाज. तीन अक्षरं, तिन्हींची जात वेगळी. मराठीत सांगायचं तर त्या आकाराला आपल्याकडे 'बेचकं' हा नेमका शब्द आहे. फांदीचं असतं तेच, ज्याची पोरं बेचकी करतात. 'बेचक्याचा जोड' म्हटलं की आजीलाही आकृती दिसते.

व्हीएसजी म्हणजे उभी स्लीव्ह. या ऑपरेशनात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग कापून काढतात आणि उरतो तो बाहीसारखा निमुळता नळा. भारतातल्या फाइलींवर याच ऑपरेशनला बहुधा 'एलएसजी' लिहिलेलं दिसेल. तिथला 'एल' लॅपरोस्कोपीचा, आपल्या बोलीत 'दुर्बिणीतून'. क्रिकेटवाल्या घरात एलएसजी म्हटलं तर मंडळी लखनौचा स्कोअर विचारतील, तो भाग वेगळा. दोन्ही लघुरूपं एकाच ऑपरेशनची, फक्त एकाने कापायची दिशा सांगितली आणि दुसऱ्याने आत शिरायची वाट. 'एमजीबी' म्हणजे मिनी गॅस्ट्रिक बायपास. त्यातल्या 'मिनी'वर मात्र भाळू नका. त्यात आतड्याचा जोड दोनऐवजी एक असतो एवढंच. ऑपरेशन काही किरकोळ नसतं. म्हणूनच डॉक्टरांच्या कागदपत्रांत आता 'एक जोडाचा बायपास' या अर्थाचं 'ओएजीबी' हे नाव दिसतं.

तुम्ही विचारलेला नाही, पण विचारायला हवा होता असा शब्द 'पाउच'. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण तीस मिलिलिटरचा, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढा कप्पा वेगळा करतात, तो पाउच. याचं भाषांतर 'पिशवी' असं केलंत तर अनर्थ होईल. मराठी घरांत 'पिशवीचं ऑपरेशन' म्हणजे गर्भाशयाचं, त्यात दुमत नाही. "ताईची पिशवी लहान केली" हे वाक्य मावशीपर्यंत पोचेस्तोवर काय होईल, कल्पना करा. मला विचाराल तर 'बटवा' म्हणा. आकाराने बरोबर, आणि त्यात थोडंच मावतं हे शब्दातच आलं.

'डंपिंग' म्हटलं की मुंबईकराला देवनार आठवतं आणि कचऱ्याचा डोंगर डोळ्यांसमोर येतो. इथे अर्थ वेगळा. जठराच्या खालच्या तोंडाशी असलेला दरवाजा बायपासमुळे वाटेतून बाजूला पडतो, मग गोड खाल्लं की ते थेट लहान आतड्यात ओतलं जातं. दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, चक्कर, कळा, जुलाब. काहींना उशिरा, एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरून थरथर सुटते. स्लीव्हमध्ये हा दरवाजा जागेवर असतो, म्हणून हा त्रास कमी. अजिबात नाही असं मात्र नाही. तुमच्या ताईच्या 'डंपिंग नाही'चा अर्थ एवढाच की जिलबीचा तुकडा तिला आडवी करत नाही. मराठीत यासाठी एक शब्द मला सापडला नाही आणि शोधायची गरजही वाटत नाही. डॉक्टरांना सांगायचा शब्द आहे, तसाच राहू द्या.

'स्टॉल' हा शब्द मात्र भाषांतर मागतो. सुरुवातीला वजन भराभर उतरतं, त्यात शरीरात साखरेच्या साठ्यासोबत साचलेलं पाणी बरंच असतं. मग बहुतेक तिसऱ्या आठवड्याच्या आसपास आकडा थबकतो आणि माणूस घाबरतो. मराठीत आपण सरळ म्हणतो, "काटा हलत नाही." आपल्याकडे काटा वजनाचाही आणि पायात रुततो तोही. स्टॉलमधल्या माणसाला दोन्ही अर्थ लागू पडतात.

आणि याच काट्यावरून एनएसव्ही. काट्यावर न दिसणारा विजय. अमेरिकन उदाहरण नेहमीचं: विमानात पट्ट्याला जोडपट्टा लागला नाही. आपली उदाहरणं निराळी असणार. पंगतीत मांडी घालून बसता आलं, आणि हात न टेकता उठता आलं. रिक्षात तिसरं माणूस मावलं. अंगठी सैल झाली. मी याला 'काट्याबाहेरची कमाई' म्हणेन.

'हेड हंगर' म्हणजे पोट भरलेलं असताना डोक्याने मागितलेलं जेवण. यासाठी 'मानसिक भूक' वगैरे घडवत बसू नका. मराठीत 'वखवख' केव्हाची हजर आहे. 'भूक' नव्हे, 'हाव' नव्हे, पोटाचा काही संबंध नसलेली ती वखवख. फक्त एक अडचण: आपण हा शब्द दुसऱ्याला हिणवायला वापरतो. "मला वखवख होते" असं स्वतःबद्दल कुणी सहज म्हणत नाही, आणि 'हेड हंगर' लाज न वाटता म्हणता येतं.

इथेच माझ्या मते खरी मेख आहे. मराठीत बारीक माणसासाठी विशेषणं छान आहेत: सडपातळ, शिडशिडीत, चवळीची शेंग. पण बारीक होण्याची क्रियापदं बघा. वाळणे, सुकणे, खंगणे, रोडावणे. सगळी आजारपणातली किंवा सासुरवासातली. उलट माणूस जाड झाला की "तब्येत सुधारली हं!" बाळ बाळसं धरतं, मोठा माणूस अंग धरतो. ही दुष्काळ पाहिलेल्या लोकांची भाषा आहे, अंगावर मांस असणं तिच्या लेखी सुबत्ता. त्यामुळे कष्टाने साठ पौंड उतरवलेल्या बाईला आनंद सांगायला मराठीत तयार क्रियापद मिळत नाही, आणि ती उसनवारीवर जाते. इंग्रजीही फार उदार नाही. तिथे वजन 'लूज' करतात, म्हणजे गमावतात, आणि 'लूजर' म्हणजे हरलेला. पण या मंडळींनी तीच शिवी उचलून ऑपरेशन झालेल्यांच्या बाकाला 'लूजर्स बेंच' असं नाव दिलं. आपल्याला असं काही करायला 'वाळणे' पुरणार नाही. त्यातल्या त्यात 'उतरणे' बरं: ताप उतरतो, नशा उतरते, डोक्यावरचा भार उतरतो. चेहराही उतरतो, पण तेवढं चालवून घेऊ.

भारावरून आठवलं. या सगळ्या शाखेचं नाव 'बॅरिअॅट्रिक'. त्यातल्या 'बॅरि'त आपला 'भार' दिसतो म्हणून पुष्कळ जण हरखतात, पण ते नातं खोटं आहे. 'भार' हा 'भृ' धातूचा, वाहून नेण्याचा. त्याचं इंग्रजी भावंड म्हणजे वाहणं या अर्थाचं 'बेअर'. 'बॅरि' आलं ग्रीक 'बारोस'वरून, म्हणजे वजन, आणि त्याचा सख्खा नातलग संस्कृत 'गुरु', म्हणजे जड. गुरुत्वाकर्षणातला तोच. पुढचा भाग ग्रीक वैद्याचा.

तर ताईला काय लिहायचं? १९९ पौंड म्हणजे ९०.३ किलो, हे तिला आधी करून द्या. तिच्या आईला पौंड कळत नसतील. लघुरूपांची उत्तरं लघुरूपांत देऊ नका. "ताई, नव्वदीला टेकलीस की! काट्याबाहेरची कमाई काय काय झाली ते सविस्तर लिही" एवढं पुरे. 'नव्वदी'वरून ती वयाचा विनोद करेल, तो करू द्या. आणि मावशीच्या वतीने "किती वाळलीस गं" असं चुकूनही जोडू नका.