एकच नाव, लाखो प्रती

प्रश्न : आमच्या जावा प्रोग्रॅममध्ये १० लाख ग्राहकांच्या नोंदी आहेत. गावांची नावे मोजकीच असूनही मेमरी अपुरी पडते. काय करावे?

उत्तर : फाइलमधून वाचलेले प्रत्येक ‘पुणे’ ही स्वतंत्र स्ट्रिंग (मेमरीत ठेवलेला मजकूर) असते. या नावाला ६४-बिट जावात साधारणपणे ४८ बाइट लागतात आणि त्यांत अक्षरांचे अवघे ८. बाकी हेडर (जावा प्रत्येक वस्तूसोबत ठेवते ती स्वतःची माहिती) वगैरेंतच जातात. म्हणून नोंद भरतानाच नाव हॅशमॅपमध्ये (चटकन शोध घेता येणाऱ्या यादीत) शोधावे आणि सापडल्यास आधीचीच प्रत जोडावी, म्हणजे नवी प्रत गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारी जावाची यंत्रणा) उचलून नेतो. जावातील स्ट्रिंग बदलता येत नसल्यामुळे ही भागीदारी निर्धोक असते. सारख्या स्ट्रिंगची एकच प्रत ठेवणारी ‘इंटर्न’ ही जावातली तयार सोयही आहे, पण माझ्या मते स्वतःचा मॅप अधिक आटोक्यात राहतो. मोबाइल क्रमांकांसारख्या क्वचितच जुळणाऱ्या मजकुरावर मात्र दोन्ही टाळावेत. तिथे नुसता शोधण्याचा खर्च वाढतो.