फ्युएल सेलच्या वेडापायी रान तारण ठेवावं का?

पालकांचं पत्र (थोडक्यात): मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत शिफ्ट केमिस्ट आहे. मुलगी पुण्यात केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचा मामेभाऊ अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात असतो. त्यानं तिला तिथल्या ब्रिजपोर्टच्या फ्युएल सेल (इंधन न जाळता त्यातून थेट वीज काढणारं यंत्र) वीज प्रकल्पाबद्दल सांगितलं, तेव्हापासून ‘एमएस करीन तर फ्युएल सेलमध्येच आणि अमेरिकेतच’ असा तिनं धोशा लावलाय. खर्च पन्नास लाखांच्या घरात. कर्जासाठी तीन एकर रान तारण ठेवावं लागेल. या क्षेत्रात खरंच नोकऱ्या आहेत का? आणि बायोगॅस तर आमच्या डिस्टिलरीतही आहे, मग असे प्रकल्प आपल्याकडे का दिसत नाहीत?

नमस्कार,

तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा आहे. त्याचं उत्तर नीट कळलं की पहिल्याचं आपोआप सापडेल, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ब्रिजपोर्टचा प्रकल्प १४.९ मेगावॉटचा. २०१३च्या अखेरीस सुरू झाला आणि चालतो नैसर्गिक वायूवर, बायोगॅसवर नव्हे. हे मुलीला माहीत आहे का, विचारून बघा. यंत्रं त्याच राज्यातल्या डॅनबरीच्या फ्युएलसेल एनर्जी कंपनीची आहेत. याच जातीची यंत्रं कॅलिफोर्नियातल्या सांडपाणी केंद्रांवर बायोगॅसवरही चालवली गेली आहेत. मायक्रोसॉफ्टनं २०१४ मध्ये वायोमिंगमधल्या शायेनला शेजारच्या सांडपाणी केंद्राचा गॅस घेऊन ३०० किलोवॉटच्या फ्युएल सेलवर एक छोटं डेटा सेंटर चालवून पाहिलं. या जातीच्या यंत्रांचं सगळ्यात मोठं उदाहरण मात्र दक्षिण कोरियातल्या ह्वासंगचं. तिथे सुमारे पाच एकरांत २.८ मेगावॉटची २१ यंत्रं बसवली, एकूण ५९ मेगावॉट. तेवढ्या क्षमतेचे सोलर पॅनल लावायचे तर आपल्याकडे दोन-अडीचशे एकर लागतील. जमिनीची टंचाई असलेल्या देशाला याचं आकर्षण का वाटतं, हे त्यावरून कळतं.

या यंत्रांत गॅस जाळत नाहीत. मिथेन आणि वाफेपासून निकेलवर हायड्रोजन तयार होतो, आणि साडेसहाशे अंशांवर वितळलेल्या कार्बोनेट क्षारांच्या थरातून होणाऱ्या विद्युत-रासायनिक क्रियेतून थेट वीज मिळते. ज्वाला नसल्यामुळे धूर आणि नायट्रोजनची ऑक्साइडं जवळपास नाहीत. कार्बन डायऑक्साइड मात्र बाहेर पडतोच, त्यामुळे नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या प्रकल्पाला सरसकट ‘हरित’ म्हणणं मला पटत नाही. डायजेस्टरच्या (बायोगॅस तयार करणाऱ्या टाकीच्या) गॅसमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो. गॅस इंजिनाला तो निव्वळ ओझं. या सेलला त्याचा त्रास नाही, उलट त्याच्या कॅथोडला (हवेच्या बाजूच्या इलेक्ट्रोडला) तो लागतोच.

मग अडतं कुठे? हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे: एचटूएस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड हा गंधकाचा विषारी वायू. स्पेंट वॉशच्या (डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या) गॅसमध्ये तो दोन-तीन टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे दहा लाख भागांत वीस-तीस हजार भाग. फ्युएल सेलला तो दहा लाखांत एक भागाच्याही आत हवा. घागरभर दूध नासायला मिठाचा खडा पुरतो, तसं हे निकेल गंधकानं बाद होतं. शहरी सांडपाण्याच्या गॅसमध्ये वर आणखी सिलॉक्सेन नावाची सिलिकॉनची संयुगं असतात. ती शाम्पू आणि सौंदर्यप्रसाधनांतून येतात आणि तापल्यावर त्यांची वाळूसारखी पुटं चढतात. हे विघ्न तुमच्या मळीच्या गॅसला सहसा नाही. म्हणजे बायोगॅसवरच्या अशा प्रकल्पाचं यश सेलइतकंच त्याच्या आधी गॅस शुद्ध करणाऱ्या स्क्रबरवर आणि कार्बनच्या टाक्यांवर ठरतं. जाहिरातीच्या फोटोत त्या कधी दिसत नाहीत.

दुसरी अडचण चालू-बंद करण्याची. साडेसहाशे अंशांचं यंत्र गॅस कमी पडला म्हणून संध्याकाळी बंद आणि सकाळी सुरू करता येत नाही. क्षार थिजतात, पुन्हा तापवायला फार वेळ लागतो, आणि प्रत्येक वेळी सेलचं आयुष्य घटतं. म्हणून तिकडे बायोगॅसच्या जोडीला नैसर्गिक वायूची पाइपलाइन ठेवतात. एक कमी पडला की दुसरा भर घालतो. आपल्या कारखान्यांच्या गावांत सगळीकडे ती पाइपलाइन पोचलेली नाही, आणि डिस्टिलरी वर्षभर एका चालीनं चालत नाही.

शिवाय हिशेब. १,००० घनमीटर बायोगॅसमध्ये ६०० घनमीटर मिथेन धरा. त्यातून साधारण ६,००० युनिटांची उष्णता मिळते. फ्युएल सेल तिच्यातून २,८००च्या आसपास युनिट वीज काढेल, चांगलं गॅस इंजिन २,४००. या चारशे युनिटांसाठी कित्येक पट महाग यंत्र घ्यायचं आणि काही वर्षांनी त्याचा स्टॅक (एकावर एक रचलेल्या सेलचा संच) बदलायचा, हे कुठल्याही संचालक मंडळाला पटणार नाही. अमेरिकेत आणि कोरियात ते पटलं, कारण तिथे सरकारी प्रोत्साहन होतं, वीज महाग होती किंवा हवेचे नियम कडक होते. आपल्याकडे गॅस बॉयलरला जातो, किंवा केंद्र सरकारच्या २०१८च्या ‘सतत’ योजनेनंतर शुद्ध करून, दाबून सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) म्हणून विकला जातो.

आता नोकऱ्या. जगभरात असे मोठे स्टॅक बनवणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि त्यांचं नशीब सारखं वरखाली होतं. फ्युएलसेल एनर्जीनं २०२४ आणि २०२५ मध्ये माणसं कमी केली. जर्मनीच्या बॉशनं २०२५ मध्ये सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलमधून (वितळलेल्या क्षारांऐवजी घन सिरॅमिकचा थर असलेल्या प्रकारातून) अंग काढून घेतलं. त्याच काळात कॅलिफोर्नियाची ब्लूम एनर्जी डेटा सेंटरांच्या विजेच्या भुकेवर वाढत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका मोठ्या अमेरिकी वीज कंपनीनं तिच्याशी एक गिगावॉटपर्यंतचा करार केला. ब्लूमचे संस्थापक के. आर. श्रीधर तिरुचिरापल्लीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल शिकलेले. आधी ते नासासाठी मंगळावरच्या वायूतून ऑक्सिजन काढायच्या यंत्रावर काम करत होते, तेच तंत्र उलटं फिरवून ते फ्युएल सेलकडे आले. कंपनीचं बंगळुरूतही केंद्र आहे. ‘फ्युएल सेल म्हणजे अमेरिकाच’ असं म्हणणाऱ्या मुलीच्या हे कानावर घाला.

पुण्याबद्दलही तिला सांगा, ती तिथेच शिकतेय. २०१९ मध्ये राष्ट्रपती कोविंद यांच्या हस्ते दिल्लीत पाच किलोवॉटच्या एका देशी फ्युएल सेल संचाचं अनावरण झालं. तो मिथेनॉल किंवा बायोमिथेनवर चालणारा होता. तो पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि तिच्या दोन भगिनी संस्थांनी पुण्याच्या थरमॅक्स आणि मुंबईच्या रिलायन्सबरोबर तयार केला. थरमॅक्सनं २०२४ मध्ये ब्रिटनच्या सेरेस कंपनीशी सॉलिड ऑक्साइड इलेक्ट्रोलायझरसाठी करार केला. इलेक्ट्रोलायझर म्हणजे तोच सेल उलट दिशेनं चालवलेला: वीज घालायची, हायड्रोजन काढायचा. जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर झालं, त्यामुळे आपल्याकडे मागणी आधी याच बाजूनं येईल असा माझा अंदाज आहे. आतलं विज्ञान दोन्हीकडे बरंचसं सारखं आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: रान तारण ठेवून स्वखर्चाचा एमएस आत्ता करू नये. मुलीची आवड खोटी आहे म्हणून नव्हे. फक्त ‘फ्युएल सेल’ एवढ्या एका नावावर पन्नास लाख लावणं जोखमीचं आहे म्हणून. तिनं विद्युत-रसायन, गॅस शुद्धीकरण आणि प्रोसेस कंट्रोल यांत हात बसवला, तर फ्युएल सेलची बाजारपेठ पडली तरी सीबीजी, हायड्रोजन, बॅटरी ही दारं उघडी राहतात.

आणि तुमच्या घरात एक गोष्ट आहे जी तिच्या वर्गात फारच थोड्यांकडे असेल. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिनं तुमच्या डायजेस्टरच्या गॅसवर करावा. गाळप हंगामात आणि नंतर एचटूएस किती बदलतो, लोह-ऑक्साइड किंवा सक्रिय कार्बनचा थर किती तासांनी थकतो, फ्युएल सेलच्या मर्यादेत आणायला किती खर्च येईल, याचा खरा डेटा. व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या, आणि सॅम्पल घेताना ती एकटी असता कामा नये. गॅस डिटेक्टर आणि मास्कशिवाय तर नाहीच. या वायूनं माणसं जागच्या जागी गेलेली आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. असा प्रोजेक्ट हातात असेल तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत किंवा एखाद्या सीबीजी प्रकल्पावर इंटर्नशिप मागायला तोंड राहतं.

परदेशी जायचंच असेल तर पैसे देऊन नव्हे, पैसे मिळवून जावं. अमेरिकेत चार वर्षांच्या बीईनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. निवड झाली तर बहुतेक ठिकाणी फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या राष्ट्रीय फ्युएल सेल संशोधन केंद्राकडे आणि कनेक्टिकट विद्यापीठाकडे तिनं बघावं. जर्मनीतल्या यूलिशच्या संशोधन केंद्रानं सॉलिड ऑक्साइड सेलचा एक छोटा स्टॅक २००७ ते २०१९ सातशे अंशांवर चालवत ठेवला होता, एक लाख तासांहून जास्त. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. फक्त राहण्याच्या खर्चापोटी वर्षाला सुमारे १२ हजार युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. तेवढी रक्कम उभी करायला तुम्हाला रान गहाण टाकावं लागेल असं वाटत नाही.

मामेभावालाही कामाला लावा. तिथल्या या कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती त्यानं महिनाभर बघाव्यात: किती जागा सेल संशोधनाच्या, किती साइटवर जाऊन दुरुस्ती-देखभालीच्या, आणि किती ठिकाणी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डाची अट आहे. ती यादी मुलीनं स्वतः वाचावी.

तोवर तिनं गेटची, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेची, तयारी सुरू करावी. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थीही ती परीक्षा देऊ शकतात, अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात, आणि एमटेकला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. आयआयटी मुंबईचा ऊर्जा विभाग तिच्या यादीत पहिल्या ओळीत असावा.