दुरुस्तीनंतर इंजिन बंद पडतं, तेव्हा आधी काय तपासायचं?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी २० वर्षं जुनी आहे, इंजेक्शनवाली. इनटेक मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं) गॅस्केट, म्हणजे सांध्यातलं पॅकिंग, बदललं आणि त्याच वेळी थ्रॉटल बॉडी (हवेची झडप) साफ केली. त्यासाठी बॅटरीची तार काढली होती. आता गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, रस्त्यावर ओढतेही चांगली. पण ब्रेक दाबून थांबताना आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) घसरतो आणि इंजिन बंद पडतं. फ्युएल पंप बदलायचा सल्ला मिळालाय. बदलू का?

उत्तर : आत्ता मुळीच नको. पंप कमजोर असता तर गाडी चढावर किंवा जोरात रेस दिल्यावर दमली असती, कारण पेट्रोल जास्त लागतं ते तेव्हा. तुमची गाडी वेगात ठणठणीत आणि फक्त आयडलला, म्हणजे रेस न देता, बंद पडते. शिवाय दुरुस्तीआधी हा त्रास नव्हता. म्हणून जिथे जिथे हात लागला, तिथूनच सुरुवात करा.

पहिला संशय बाहेरून हवा ओढली जाण्याचा. आयडलला थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो आणि इंजिन अगदी थोड्या हवेवर चालतं. तेव्हा मॅनिफोल्डला जोडलेला एखादा बारीक व्हॅक्यूम पाइप सुटला, तरी पेट्रोल-हवेचं मिश्रण बिघडायला तेवढं पुरतं. ३००० आरपीएमला एवढीशी जादा हवा जाणवतही नाही. इथे एक फरक मात्र ओळखा. एअर फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर असेल, तर चोरून आत गेलेली हवा मोजलीच जात नाही, मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं) आणि इंजिन बंद पडतं. त्याऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर असेल, तर अशा गळतीने आयडल बहुधा उलट चढतो किंवा वरखाली होत राहतो. तुमची गाडी या दुसऱ्या प्रकारातली असेल, तर थ्रॉटलच्या आयडल सेटिंगकडे, म्हणजे खाली दिलेल्या कंप्युटरच्या शिकण्याकडे, आधी वळा.

पहिल्या प्रकारातली असेल, तर ब्रेक दाबतानाच बंद पडते म्हणून ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा) जाड पाइप सर्वात आधी पाहा. मॅनिफोल्ड काढताना तो काढावाच लागतो. इंजिन आयडलला ठेवून ब्रेक दाबा आणि पेडलपाशी फुस्स आवाज येतो का ऐका. मग इंजिन बंद करून हा पाइप मॅनिफोल्डपासून काढा, तिथलं तोंड रबरी टोपीने घट्ट बंद करा आणि गाडी जागेवरच सुरू करा. आयडल स्थिर झाला तर दोष पाइपमध्ये, त्याच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा बूस्टरच्या पडद्यात आहे. या अवस्थेत गाडी रस्त्यावर अजिबात काढू नका, ब्रेक दगडासारखा कडक होतो.

तिथे काही सापडलं नाही, तर एअर फिल्टर ते थ्रॉटल हा रबरी पाइप वाकवून त्याच्या घड्यांच्या आत चिरा आहेत का बघा. मग मॅनिफोल्डच्या सांध्यावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. कॉइल आणि वायरिंग वाचवा. एखाद्या जागी पाणी पडताच आयडल बदलला, तर गळती तिथेच. कार्ब क्लीनर गरम एक्झॉस्टवर पडला तर पेट घेतो, म्हणून तो वापरू नका. गॅस्केट पुन्हा बसवायची वेळ आलीच, तर जुन्याचा चिकटलेला थर पूर्ण खरवडा आणि बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत आवळा. टॉर्कचा (आवळण्याच्या जोराचा) आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातलाच घ्या.

गळती कुठेच नसेल, तर उरतं ते इंजिनच्या कंप्युटरचं आयडल नव्याने शिकणं. बॅटरी काढल्यावर आयडलची साठवलेली माहिती बऱ्याच गाड्यांत पुसली जाते, आणि साफ केलेल्या थ्रॉटलला जुनी माहिती तशीही लागू पडत नाही. इंजिन पूर्ण गरम करा, दिवे-पंखा-एसी बंद ठेवा आणि एक्सलरेटरला पाय न लावता १० मिनिटं आयडलला चालू द्या. नंतर एसी लावून ५ मिनिटं. काही मॉडेलना यासाठी स्कॅनर लागतोच.

प्रश्न : कार्ब्युरेटर उघडून नवीन किट टाकलं. चोक ओढला की इंजिन चालतं, चोक आत ढकलला की बंद. असं का?

उत्तर : चोकमुळे मिश्रण जाड होतं, म्हणजे त्यात पेट्रोल वाढतं. म्हणजे एरवी आयडलला पेट्रोल कमी पडतंय, किंवा खालच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. कार्ब्युरेटरवर आयडलचं पेट्रोल बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असेल, तर त्याची एकेरी वायर लावायची राहून जाते. ती आधी बघा. किल्ली ऑन करून वायर काढून पुन्हा लावली, की टक असा आवाज यायला हवा. आवाज आला तर आयडल जेट (आयडलचं पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) काढून उजेडासमोर धरा. भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. कचरा हवेने उडवा, तार घालू नका. भोक किंचित मोठं झालं तरी जेट वाया जातो. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या आणि दीड ते दोन फेरे बाहेर काढून सुरुवात करा. जोर लावून आवळला तर त्याच्या टोकावर खाच पडते आणि मग तो कधीच नीट लागत नाही.

प्रश्न : प्लग आणि वायर बदलल्यापासून गाडी अर्ध्या तासाने बंद पडते आणि २० मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू होते.

उत्तर : बंद कशी पडते ते सांगितलं असतंत तर निम्मं काम झालं असतं. धक्के देत, अडखळत पडत असेल तर पेट्रोल कमी येतंय. त्याच क्षणी टाकीचं झाकण उघडा. हवा जोरात आत खेचली गेली, तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. किल्ली फिरवल्यासारखी एकदम पडत असेल तर दोष विजेचा आहे. गाडी गिअरमध्ये, चाकं इंजिन फिरवत असताना आरपीएमचा काटा झटकन शून्यावर येतो का बघा. आला, तर क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं ओळखणारा) किंवा इग्निशनचा पुरवठा तापल्यावर तुटतोय. प्लगच्या वायर काढताना सेन्सरचा किंवा कॉइलचा कनेक्टर ओढला गेला असण्याची शक्यता मोठी, तेव्हा नवा सेन्सर आणण्याआधी कनेक्टरच्या पिना आणि लॉक तपासा. ही तपासणी इंजिन तापलेलं असतानाच करा. थंड झाल्यावर सगळं ठीकच दिसणार.