ॲलोकेटरच्या कॉमेंट्स सुधारायच्या आहेत? आधी हे वाच

स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करून पॅच पाठवायला हरकत नाही, पण ॲलोकेटरच्या, म्हणजे मेमरी वाटून देणाऱ्या कोडमध्ये खरी अडचण वेगळीच असते. 'साइझ: ब्लॉकचा आकार' ही ओळ कोणाच्याच कामाची नाही, ते नावावरूनच कळतं. आकार बाइटमध्ये की पेजमध्ये, तो 2 च्या पुढच्या घातापर्यंत वाढवला जातो का, हे लिही. बडी पद्धतीत (यात ब्लॉकचे आकार 2 च्या घातांत असतात) सलग 5 एमबी मागितले तर आतून 8 एमबीचा ब्लॉक निघू शकतो. उरलेले 3 एमबी परत जातात की अडकून पडतात, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला कॉमेंटमधूनच कळायला हवं.

त्याहून महत्त्वाचं लॉकिंग, म्हणजे एका वेळी एकानेच डेटा बदलावा याची सोय. लिनक्स कर्नलमधला डीआरएमचा (ग्राफिक्स विभागाचा) रेंज ॲलोकेटर स्वतः लॉक घेत नाही, ती जबाबदारी ड्रायव्हरची. शिवाय त्याला द्यायचा नोड (दिलेल्या जागेची नोंद ठेवणारं स्ट्रक्चर) आधी शून्य करून द्यावा लागतो. असल्या अटी फंक्शनच्या आत शोधून सापडत नाहीत, त्या पाळणारा कोड दुसरीकडेच असतो! म्हणून फंक्शन कोण कोण वापरतंय ते ग्रेप करून (सगळ्या कोडमध्ये नाव शोधून) बघ आणि मगच लिही. अंदाजाने काही ठोकून देऊ नकोस, लोक त्यावर विश्वास ठेवतात.

रिटर्न व्हॅल्यूचंही तेच: जागा नसली तर कुठला एरर, आणि अर्धवट मिळालेले ब्लॉक कोण सोडणार?

कर्नल-डॉकचं (कॉमेंट्समधून डॉक्युमेंटेशन बनवायच्या पद्धतीचं) फॉरमॅटिंग पटकन जमतं. बिल्डला डब्ल्यू=1 (W=1, जास्तीच्या वॉर्निंगचा पर्याय) दिलं की राहून गेलेल्या पॅरामीटर्सच्या वॉर्निंग दिसतात. पॅच मात्र छोटा ठेव. कॉमेंटचे आणि कोडचे बदल एकत्र करू नकोस.