"माझाच विश्वास कमी पडला का, ताई?"

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की समोरचं माणूस बोलायला लागलं की पुढचं कळतं. "एवढ्या प्रार्थना केल्या, उपास धरले, तरी असं झालं. माझाच विश्वास कमी पडला का?"

पुण्यातल्याच एका वहिनींचं सांगते, त्यांच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून. नवरा दोन वर्षं डायलिसिसवर होता, मग गेला. तेव्हापासून त्यांनी चर्चची पायरी चढली नव्हती. भेटायला येणारे म्हणायचे, "देव सोसेल तेवढंच देतो." हे वचन म्हणून सांगतात. पण बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १० व्या अध्यायात प्रेषित पौल मोहाच्या परीक्षेबद्दल बोलतोय. विधवेच्या दुःखाचं माप काढत नाहीये.

तीन भेटी त्या एकच सांगत राहिल्या, "देवावर राग येतो, हे पाप आहे ना?" चौथ्या भेटीत मी ८८ वं स्तोत्र उघडून दिलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. वाचून त्या थांबल्या.

"पुढे?"

"पुढे नाही. अंधारातच संपतं."

"आणि हे बायबलात ठेवलंय?"

"ठेवलंय."

मग त्या बोलल्या, पण माझ्याशी नाही. "प्रभू, त्या रात्री तू कुठे होतास?" दफनानंतर पहिल्यांदाच त्या रडल्या. मी एक शब्द बोलले नाही, पाण्याचा पेलाही पुढे सरकवला नाही. इतक्या वर्षांच्या कामात मी काही कमावलं असेल तर ते हे गप्प बसणं. बायबलातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ठीक होतं. दुःखाची कारणं सांगू लागले तिथे बिघडलं, आणि शेवटी देवानं ठपका त्यांच्यावर ठेवला, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही.

ज्याच्याशी नातं तुटलंय त्याच्याशी कोण भांडतं? वहिनी भांडत होत्या, म्हणजे नातं होतं. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग आशा कधी?" पौलाच्या रोमकरांस पत्रातला क्रम मी दाखवला: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. आशा शेवटी येते. आपण ती कबरीपाशीच मागतो. केडगावच्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, तेव्हा रमाबाईंच्या हाती बायबलच्या मराठी भाषांतराचं काम होतं. ते त्यांनी सोडलं नाही. पुढच्याच वर्षी त्याही गेल्या.

घरच्यांना माझी कळकळीची विनंती: कारणं सांगू नका. डबा घेऊन जा, शेजारी बसा. झोप-जेवण आठवडेच्या आठवडे तुटलं किंवा जगणं नको वाटू लागलं, तर डॉक्टरांकडे न्या. त्यानं प्रार्थना उणी होत नाही.

वहिनी आता रविवारी शेवटच्या बाकावर बसतात. परवा म्हणाल्या, "गीतं अजून म्हणत नाही, ताई. नुसती ऐकते."