समाजातील विविधता आणि कसदार अभिनय या दोन्ही दृष्टींनी तुम्हाला भावलेली परदेशी मालिका कोणती?

माझे उत्तर ‘पोझ’ असे आहे. २०१८ ते २०२१ या काळात अमेरिकेतील एफएक्स वाहिनीवर तिची तीन पर्वे झाली. १९८७ आणि त्यापुढच्या काही वर्षांतील न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय व लॅटिनो समलैंगिक पुरुषांनी आणि ट्रान्स स्त्रियांनी (जन्मतः पुरुष मानल्या गेलेल्या, पण स्त्री म्हणून जगणाऱ्या) जपलेल्या ‘बॉल’ स्पर्धांचे, म्हणजे वेशभूषा, चाल आणि नृत्य यांच्या चुरशीचे जग तिच्यात आहे. घराने टाकलेली मुले तेथे ‘हाऊस’ नावाच्या कुटुंबात आसरा घेतात आणि त्या कुटुंबाची एक ‘मदर’ असते.

विविधतेखातर कथेत आणलेले एकटेदुकटे पात्र बहुधा साऱ्या समाजाची बाजू मांडत राहते आणि त्यातला माणूस हरवतो. येथे ट्रान्स स्त्रियांच्या पाच महत्त्वाच्या भूमिका ट्रान्स अभिनेत्रींनीच केल्या आहेत आणि त्या पाच असल्यामुळे कोणा एकीवर आदर्श असण्याचा भार पडत नाही. एलेक्ट्रा गर्विष्ठ आणि प्रसंगी निर्दय असू शकते, कँडी भांडखोर असू शकते. ब्लांका या एका हाऊसच्या मदरला समलैंगिक गोऱ्या पुरुषांच्या बारमधून वारंवार बाहेर काढले जाते, तो प्रसंग तर मला फार मोलाचा वाटतो. वंचितांमध्येही उतरंड असते हे मालिका लपवत नाही.

अभिनयाबद्दल सांगायचे तर पहिल्या पर्वाचा सहावा भाग अवश्य पाहा. त्याचे दिग्दर्शन जॅनेट मॉक या कृष्णवर्णीय ट्रान्स लेखिकेने केले आहे. बॉल स्पर्धांचा निवेदक प्रे टेल (बिली पोर्टर) याचा जोडीदार रुग्णालयात एड्सने मरणपंथाला लागला आहे, आणि त्याच रुग्णालयातील रुग्णांसाठी प्रे टेल व ब्लांका गातात. स्वतः त्या दोघांनाही एचआयव्हीची लागण झालेली आहे. पोर्टर एरवी स्पर्धेच्या मंचावर शब्दांची आतषबाजी करतात, पण येथे त्यांचा आवाज आतून तुटत जातो, आणि ब्लांका झालेल्या एमजे रॉड्रिगेझ यांनी त्याच दुःखाला दिलेला संयम मला अधिक कठीण वाटतो. पोर्टर यांना २०१९ मध्ये प्रमुख अभिनेत्याचा एमी हा अमेरिकी दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला. रॉड्रिगेझ यांना २०२१ मध्ये त्याच पुरस्कारासाठी प्रमुख अभिनेत्रीचे नामांकन मिळाले आणि प्रमुख भूमिकेसाठी तसा मान मिळालेल्या त्या पहिल्या ट्रान्स कलाकार ठरल्या.

तिसऱ्या पर्वात मात्र पैशाच्या अडचणी फार सहज सुटतात आणि कथेची धार कमी होते, असे माझे मत आहे. तरीही डॉमिनिक जॅक्सन यांनी साकारलेली एलेक्ट्रा शेवटपर्यंत तितकीच करारी राहते, आणि तेवढ्यासाठीही ते पर्व मी पाहायला सांगेन.