३.३ व्होल्टवर एलएम३५८ ऐवजी एमसीपी६००२ चालेल का?

सेन्सरचा सिग्नल वाढवताना तुमच्या एलएम३५८ या ऑपॅम्पचे (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीचे) आउटपुट दोन व्होल्टच्या आसपासच अडकते, याचे कारण असे की त्याचा आउटपुट टप्पा वरच्या रेलपासून (म्हणजे सप्लाय व्होल्टेजपासून; खालची रेल म्हणजे ग्राउंड) सुमारे दीड व्होल्ट खालीच थांबतो. त्यामुळे आयसी खराब नाही, ती या व्होल्टेजसाठी योग्य नाही एवढेच. एमसीपी६००२ हा १.८ ते ६ व्होल्टवर चालणारा रेल-टू-रेल (एका रेलपासून दुसऱ्या रेलपर्यंत जवळजवळ पूर्ण पोहोचणारा) ऑपॅम्प आहे आणि १० किलोओहम लोडवर त्याचे आउटपुट दोन्ही रेलपासून सुमारे २५ मिलिव्होल्टपर्यंत जवळ पोहोचते. पिनरचनाही तीच असल्याने तो थेट बसेल, मात्र सप्लाय ६ व्होल्टच्या वर नेऊ नये.

खरी काळजी ऑफसेटची, म्हणजे ऑपॅम्पच्या इनपुटवरील स्वतःच्या छोट्या व्होल्टेज-चुकीची, घ्यावी. तो कमाल ±४.५ मिलिव्होल्ट असू शकतो, म्हणजे गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) १०० ठेवल्यास आउटपुटवर जवळजवळ अर्ध्या व्होल्टची चूक दिसेल, आणि ३.३ व्होल्टच्या मोजमापात ती मुळीच किरकोळ नाही. शिवाय इनपुट वरच्या रेलच्या साधारण १.१ व्होल्ट खालची पातळी ओलांडते, तेव्हा आतील एक इनपुट जोडी जाऊन दुसरी काम हाती घेते आणि ऑफसेट किंचित बदलतो. डीसी अचूकता हवी असल्यास सिग्नल त्या पातळीच्या खालीच ठेवावा.

गेन-बँडविड्थ (गेन आणि बँडविड्थ यांचा गुणाकार) १ मेगाहर्ट्झ असल्याने गेन १०० ला बँडविड्थ १० किलोहर्ट्झच उरते. तापमानासारख्या संथ सिग्नलला ती भरपूर आहे, ऑडिओला नाही. दर ऑपॅम्पमागे १०० मायक्रोअँपिअर हा खर्च बॅटरीला सहज झेपतो.